गावदेवीचं मुख्य कार्यालय

रविवारी आमच्या ट्रेलरना अक्कल आली, आणि सोमवारी संध्याकाळपर्यंत त्या अकलेने आमच्या सगळ्या ड्रायव्हरांची अब्रू काढली.

ही अक्कल हवेतून येते. प्रत्येक ट्रेलरच्या काचेवर, आरशाच्या खाली, एक काळी डबी बसवलेली आहे. तिचा एक डोळा रस्त्याकडे आणि एक ड्रायव्हरकडे. गाडी कुठे आहे, किती वेगात आहे, डिझेल किती उरलंय, ड्रायव्हर समोर बघतोय की मोबाईलमध्ये, सगळ्या चहाड्या ती करते. उरणला आमचा ट्रेलरचा धंदा आहे, छोटाच. बाबांनी एका जुन्या ट्रकवर सुरू केला, आता ऑफिस मी बघते. ज्या कंटेनर यार्डाचं काम आम्ही करतो त्यांनी सांगितलं, डबी नसेल तर गाडी गेटच्या आत नाही. बसवल्या. मग कळलं की डबी नुसती विकत घेऊन भागत नाही, तिचं सबस्क्रिप्शनही घ्यावं लागतं. म्हणजे एक कंपनी लांब कुठेतरी बसून आमच्या सगळ्या डब्या सांभाळणार, बिघडल्या तर तिथूनच दुरुस्त करणार आणि मधूनमधून त्यांना नवीन काहीतरी शिकवणार.

बाबा ऑफिसात पंख्याखालच्या खुर्चीत बसलेले असतात. यार्डात चला म्हटलं की त्यांचे गुडघे दुखतात, पण ऑफिसात कोण काय बोललं ते त्यांच्या कानातून सुटत नाही.

"म्हंजे डबी आपली, पन तिला शिकवनार ते?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आनि आपल्याला नको असंल शिकवायचं तर?"

मी चौकशी केली. आमचा प्लॅन बेसिक. त्यात अपडेट आपोआप येतो, त्याला नको म्हणता येत नाही. नको म्हणायची सोय वरच्या प्लॅनमध्ये आहे. हे सांगितल्यावर बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पुढे कित्येक दिवस ऑफिसात येईल त्याला ते ऐकवत होते, "नवीन नको असंल तर वरचा प्लॅन घ्यावा लागतो, ठाव हाय ना?" डब्यांचं ॲप मी मुद्दाम मराठीत करून त्यांच्या मोबाईलवरही टाकलं होतं, तेव्हापासून बाबा पेपरच्या आधी ते उघडतात.

तर रविवारी असा एक अपडेट येऊन गेला, आणि सोमवारी संध्याकाळी ॲपमध्ये चुकार ड्रायव्हरांची लाल यादी आली. आधी एखादं नाव असायचं, मोबाईलवर बोलताना सापडलेलं. त्या दिवशी झाडून सगळे. आणि सगळ्यांत वर काकांचं नाव, पुढे शेरा: चालक वारंवार झोपेत.

मी कपाळावर हात मारून घेतला. काका म्हणजे बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त. नात्यातले नाहीत, पण माझी शाळेची एसटी चुकली की बाबांच्या ट्रकच्या केबिनमध्ये बसवून मला तेच सोडायचे, म्हणून काका. ड्रायव्हर लोक त्यांना दादूस म्हणतात. डोळ्यांत तेल घालून गाडी चालवणारा माणूस. लांबलचक ट्रेलर उलटा घेताना आपण स्वयंपाकघरात पाठ वळवावी तितक्या सहज घेतात. आजवर बंपरला ओरखडा नाही. आणि हे म्हणे वारंवार झोपेत!

गंमत म्हणून सोडून देता आलं असतं, पण हाच रिपोर्ट यार्डालाही जातो. यार्डाचा नियम असा की ज्याचं नाव लागोपाठ तीन आठवडे लाल यादीत, त्याचा गेट पास बंद. तरण्या पोरांना दुसरीकडे काम मिळतं. काकांच्या वयाला गेट पास गेला म्हणजे संपलं. काकू गेल्यापासून त्यांचं घर म्हणजे ट्रेलरच. "मना घरी बसवलंस तर चार दिसांत म्हातारा व्हईन," असं ते दर दिवाळीला मला बजावतात.

काका आले ते तणतणतच.

"मी झोपतो? मी? त्या डबीच्या आयला... तिला सांग, तू जागी नव्हतीस तवापासून मी जागा हाय!"

"काका, मला माहीत आहे हो. मशीनचं काहीतरी बिनसलंय."

"मंग मशीनला लाल कर!"

बाकीच्यांनी आपापले उपाय केले. एकाने डबीला झेंडूची माळ घातली. मला लगेच मेसेज: कॅमेरा झाकला गेला आहे. दुसऱ्याने डबीखाली लिंबू-मिरची लोंबकळवली, ती वळणावर डोळ्यासमोर झुलायला लागली, आणि मला दिवसभर मेसेज: कॅमेऱ्यासमोर हालचाल. मी त्या दोघांना ऑफिसात बोलावून असं झापलं की बाबांनी पंखा वाढवला.

शेवटी मीच बसले आणि डबीने पाठवलेल्या चित्रफिती एकेक करून बघितल्या. पहिल्या फितीत काका मान खाली घालतात, डोळे मिटतात, उजवा हात छातीला लावून कपाळाला नेतात आणि पुन्हा समोर बघतात. दुसरी फीत, दुसरा ड्रायव्हर, तेच. तिसरी, तेच. एक जण हात छातीवर ठेवून ओठ हलवतो. एक जण बोटांचं चुंबन घेतो. जागा बघितल्या तर गावदेवीचं वळण, मारुतीचं देऊळ, दर्गा, खाडीकडचा क्रूस. अगंबाई! झोपतंय कोण? सगळे पाया पडत होते. जुनी डबी एवढ्याशाला हरकत घेत नव्हती. नव्या अपडेटने तिला शिकवलं होतं की मान खाली आणि डोळे बंद म्हणजे माणूस झोपला, मग गाडी पळत असो की नुसतं इंजिन चालू असो.

मला जे हसू फुटलं ते आवरेना. बाबांना दाखवलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "ज्याने ही डबी बनवली त्याच्या गावाला देऊळ नसंल काय?"

मी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिकडे एक मुलगी होती, कुठल्या शहरात बसली होती देव जाणे. हिंदीत बोलायची आणि फार गोड बोलायची, त्यामुळे तिच्यावर चिडता येत नव्हतं. मी सगळं समजावून सांगितलं. तिने विचार केला आणि म्हणाली, "मॅडम, ड्रायव्हरनी ही ॲक्टिव्हिटी ड्युटी संपल्यावर केली तर?"

"अहो, देवळं रस्त्यावर आहेत. ड्युटी संपल्यावर ड्रायव्हर घरी असतात."

"मग घराजवळचं एखादं देऊळ चालणार नाही का?"

मी फोन बाजूला धरून पाणी प्यायले. त्या पोरीचा तरी काय दोष. तिनेच मग मार्ग काढून दिला. नकाशावर एक गोल काढायचा. त्या गोलात गाडी असेपर्यंत मान-डोळ्यांच्या बाबतीत डबी गप्प बसते. फक्त हा गोल म्हणजे कसली जागा आहे ते निवडावं लागतं, आणि निवडायला सहा नावं: गोदाम, पेट्रोल पंप, पार्किंग, ग्राहकाची जागा, स्वतःची जागा, मुख्य कार्यालय. देऊळ नाही.

मी गावदेवीच्या वळणावर गोल काढला आणि पार्किंग निवडलं. पाचव्या मिनिटाला बाबा त्यांच्या मोबाईलमधून डोकं वर काढून ओरडले.

"देवीला पार्किंगमध्ये टाकलीस? लाज वाटते कं?"

"बाबा, ते नुसतं नाव आहे."

"नुसता नाव? गावाची देवी ती! निदान ग्राहक तरी कर."

"ग्राहक कशी? ती आपल्याकडून काय घेते?"

"नारल घेते ना."

पण ग्राहकही त्यांच्या मनाला येईना. सहाही नावं दोनदोनदा वाचून झाल्यावर ते म्हणाले, "मुख्य कार्यालय कर. सगला हुकूम तिथूनच येतो." केलं. त्यावर ॲप म्हणालं, मुख्य कार्यालय एकच असू शकतं, आधीचं बदलायचं का? आधीचं म्हणजे आम्ही बसलो होतो ते. बाबांनी हो म्हणायला लावलं. आमचं ऑफिस गोदाम झालं, आणि तेव्हापासून आमच्या रोजच्या रिपोर्टात गाडी गावदेवीपासून किती लांब गेली असंच येतं. बाबांना हा रिपोर्ट फार आवडतो. गाडी लांब गेली की ते काळजी करतात.

बाकीच्या देवांना मी पार्किंगच दिलं आणि ड्रायव्हरांना दम भरला, "मान वाकवा, हात लावा, पण चालत्या गाडीत डोळे मिटाल तर मी स्वतः गोल पुसून टाकीन." तेही नंदीबैलासारखे माना हलवून गेले. आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसबाहेर रांग. बातमी फुटली होती. मॅडम देवांना जागा देतायत.

"मॅडम, आमचा म्हसोबा राहिला." दिला. "मॅडम, एकवीरेचा रस्ता फुटतो ना, तिथून मी हात जोडतो." अरे, तिथून देऊळ कुठे दिसतं? "आईला आम्ही दिसतो ना पन." दिला. एकाने वडाचं झाड मागितलं. एकाने सासुरवाडीचा नाका मागितला.

"तिथे कुठला देव आहे रे?"

"देव नाय मॅडम. पन तिथं मान आपोआप खाली जाते."

त्याला मी हाकलला. तरी नकाशा बघता बघता हिरव्या गोलांनी भरला, अंगावर कांजिण्या उठाव्यात तसा. मदतकेंद्राच्या मुलीचा स्वतःहून फोन आला. "मॅडम, तुमच्या एवढ्या पार्किंग बघून आमचे साहेब विचारत होते, तुम्ही फार मोठी कंपनी आहात का?" मी म्हटलं, आशीर्वाद आहेत.

लाल यादी ओसरली. एकेक नाव हिरवं होत गेलं. राहिलं एकच. काकांचं.

मला वाटलं एखादा देव सुटला असेल. मी फिती उघडल्या. सगळ्या एकाच जागेच्या. रोज एकदा, कधी दोनदा, काकांची मान खाली, डोळे बंद, आणि नुसते मिटून उघडलेले नाहीत, चांगले बराच वेळ बंद. नकाशावर ती जागा मोठी करून बघितली. यार्डाच्या कंपाउंडची लांबच लांब भिंत, एक दिव्याचा खांब, बाजूला गटार. देऊळ नाही, झाड नाही, शेंदूर फासलेला दगडसुद्धा नाही.

म्हणजे या एका जागी डबी खरं बोलत होती. काका झोपत होते. त्या रस्त्याला ट्रेलरच्या मधून सायकलवाले जातात, कामावरून सुटलेल्या बायका जातात. उद्या काही झालं तर? आणि हे काकांना सांगायचं कोणी? तर मीच. ज्या माणसाने मला केबिनमध्ये बसवून शाळेत सोडलं, त्याच्या हातातून किल्ली मी काढून घ्यायची.

बाबांना विचारलं. त्यांनी फीत बघितली, नकाशा बघितला, आणि मोबाईल परत दिला. "त्यालाच विचार," म्हणाले, आणि उठून बाहेर जाऊन उभे राहिले. गुडघे दुखत असताना.

काकांना विचारलं तर त्यांचा पारा चढला. "झोपतो म्हन ना! म्हातारा झालाय म्हन! काढून टाक मना!"

"काका, मी काढायचं म्हणते का? तिथे काय आहे एवढंच विचारते."

"काय नाय. भिताड हाय." आणि चालते झाले.

तिसरा आठवडा सुरू झाला होता. आठवडा लाल गेला की यार्ड गेट पास काढून घेणार. मला राग पण आला होता. एवढा कसला हट्ट? सकाळी मी डबा घेतला आणि सरळ काकांच्या केबिनमध्ये जाऊन बसले. त्यांनी दार नीट लागलं का तेवढं वाकून बघितलं, शाळेच्या वेळी बघायचे तसंच.

गावदेवीच्या वळणावर त्यांनी हात कपाळाला लावला, मीही लावला. डबी गप्प. मारुती, डबी गप्प. मी तिरक्या नजरेने त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते. टक्क उघडे. एक स्कूटरवाला मधे घुसला त्याला त्यांनी माझ्याआधी बघितला आणि माझ्यासमोर देता येईल तेवढीच शिवी दिली.

मग यार्डाच्या गेटची रांग लागली. ती नेहमीच लांब असते, गाड्या तासन् तास उभ्या राहतात आणि एका वेळी गाडीभर पुढे सरकतात. भिंत सुरू झाली. दिव्याचा खांब आला. आमच्या पुढची गाडी थांबली, काका थांबले, त्यांनी हँडब्रेक ओढला. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. पायातली चप्पल काढली. खाली वाकून गाडीच्या पत्र्याला हात लावला, तो कपाळाला लावला आणि डोळे मिटले.

डबी ठणाणा करायला लागली. आतून एक बाई बोलली, "कृपया सतर्क रहें."

काकांनी डोळे उघडले. "ऐकलंस? रोज उठवते मना."

"काका, इथे काय आहे?"

त्यांनी हनुवटीने भिंतीकडे दाखवलं. "यो खांब हाय ना, तिथून त्या आतल्या वजनकाट्यापरत आमचा मिठागर व्हता. बापूस सकाली आला की बांधावर चप्पल काढायचा, मातीला हात लावायचा, मंगच आत पाय टाकायचा. मना बी तशीच सवय लावली. मीठ देते ती, तिच्या अंगावर पाय द्यायचा म्हंजे आधी पाया पडायचं." पुढची गाडी सरकली, त्यांनी चप्पल घातली, गाडी तेवढीच पुढे घेतली. "आता पाय नाय देत. येवढी सगली चाकां देतंव."

मी म्हटलं, "मग ऑफिसबाहेरच्या रांगेत येऊन सांगितलं का नाही? म्हसोबाला दिला, वडाला दिला, तुम्हाला नसता दिला?"

"देव असता तर बोललो असतो. भिंतीच्या पाया पडतो असा कोनाला सांगू? पोरां हसली असती गो." मग ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "तुझ्या बापाचा बांध आमच्या बांधाला लागून. खांबाच्या अल्याड. त्याने नाय सांगितलं?"

नव्हतं सांगितलं. आमचं मीठ होतं, जमीन गेली, एवढंच मी लहानपणापासून ऐकलं होतं. कुठे होती ते कधी विचारलं नाही, आणि त्याच भिंतीलगत आमच्या गाड्या रोज उभ्या करत होते. मला एकदम बाबांचे गुडघे आठवले. रडू आलं. काकांनी आपला नॅपकिन दिला, त्याला ग्रीसचा वास होता.

तिथेच, रांगेत बसल्या बसल्या, मी ॲप उघडलं. काका सांगत गेले, मी बोटाने गोल ओढत गेले. बांध इथून इथवर, पलीकडे खाडीचं पाणी घ्यायची जागा, अलीकडे बाबांचा बांध. गोल भिंतीच्या बाहेर राहीना, तो आत वजनकाट्यापर्यंत गेला. मग ॲपने विचारलं, कसली जागा? मी सहा नावं वाचली आणि पाचवं निवडलं. स्वतःची जागा. खात्री आहे का, असं त्याने पुन्हा विचारलं. आहे म्हटलं.

त्या आठवड्यात काका हिरवे झाले. गेट पास राहिला. दिवसातून बऱ्याचदा मोबाईलवर तो नकाशा मोठा करून बघताना मी बाबांना बघितलं.

महिना संपल्यावर कंपनीचा मोठा रिपोर्ट आला. आम्हालाही आणि यार्डालाही. आमच्या गाड्या तासन् तास उभ्या राहतात ती रांग आता त्याच गोलात मोजली जाणार, हे गोल काढताना माझ्या लक्षातच आलं नव्हतं. रिपोर्टच्या सुरुवातीलाच ठळक अक्षरांत होतं: या महिन्यात तुमची वाहने सर्वाधिक वेळ स्वतःच्या जागेत उभी होती. खाली यार्डाच्या भिंतीचा आणि वजनकाट्याचा नकाशा, त्यावर हिरवा गोल.

दुपारी यार्डाच्या साहेबांचा फोन. मी स्पीकरवर घेतला, हातात पावत्या होत्या.

"मॅडम, तुमच्या सिस्टीममध्ये काहीतरी गडबड आहे. आमची जागा तुमची म्हणून दाखवतंय. आमचा वजनकाटासुद्धा. आमच्या हेड ऑफिसला हे असं नकोय. जरा बदलून घ्या."

मी पावत्या खाली ठेवतेय तेवढ्यात खुर्ची करकरली. बाबा उठले, गुडघ्यांवर हात न ठेवता टेबलापाशी आले आणि फोनवर वाकले.

"साहेब," ते म्हणाले, "नवीन नको असंल तर वरचा प्लॅन घ्यावा लागतो. आमी बी तवा इचारलं व्हतं."